बागेतलं तळं आणि वॉटर लिली: सातारा-सांगलीकडचे नेहमीचे प्रश्न

वॉटर लिलीची बहुतेक दुखणी रोगाची नसतात, मालकाच्या हौसेची असतात. दर रविवारी पाणी बदलायचं, शेणाची पाटी ओतायची, मधोमध कारंजं बसवायचं, आणि मग फूल का येत नाही म्हणून विचारायचं. या झाडाला भरपूर ऊन, शांत पाणी आणि जड माती मिळाली की पुढचं ते स्वतः बघतं. सांगली, मिरज, कराड, वाई, सातारा या पट्ट्यात लोक जे विचारतात ते इथे घेतलं आहे. उत्तरं इथली माती, इथलं ऊन आणि इथलं बोअरचं पाणी धरून दिली आहेत.

वॉटर लिली आणि कमळ ओळखायचं कसं?

पानावरून. लिलीचं पान पाण्यावर पसरून पडतं आणि त्याला कडेपासून देठापर्यंत एक चीर असते. कमळाच्या पानाला चीर नसते, झाड मोठं झालं की पान पाण्याच्या वर उभ्या देठावर येतं आणि त्यावर पडलेलं पाणी मोत्यासारखं घरंगळून जातं. फूल गळल्यावर कमळात बियांचा सपाट तोंडाचा बोंडा उरतो. लिलीचं फळ मात्र पाण्याखाली जाऊन पिकतं. दोन्ही झाडांचा कारभार वेगळा आहे. कमळाचे कंद मातीत धावत सुटतात आणि त्याला बरंच मोठं भांडं लागतं. दारातल्या लहान तळ्याला लिलीच बरी.

कासजवळच्या कुमुदिनी तळ्यातलं एखादं रोप आणून लावलं तर चालेल का?

नाही. कास पठार राखीव वनक्षेत्रात आहे आणि पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांपैकी एक म्हणून २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेलं आहे. तिथलं काहीही उपटायचं नाही, ते जिथे आहे तिथेच बघायचं.

शिवाय ती वॉटर लिली नव्हेच. तळ्यात पांढऱ्या पाकळ्यांना झालरीसारखे केस असलेली, मध्ये पिवळसर अशी जी छोटी फुलं दिसतात ती निम्फॉइडिस, म्हणजे पाणकुमुदिनी. पानं लिलीसारखी तरंगतात म्हणून माणूस फसतो. नात्यानं ती सूर्यफुलाच्या गोतावळ्यात बसते, लिलीच्या नाही.

कोणती जात घ्यावी? नर्सरीवाले हार्डी, ट्रॉपिकल असं काहीतरी म्हणतात.

हार्डी म्हणजे थंड मुलकातल्या जातींपासून केलेल्या. त्यांचा कंद आल्यासारखा आडवा वाढतो, पानाची कड गुळगुळीत असते आणि फूल बहुधा पाण्यावर टेकलेलं असतं. आज बाजारात दिसणाऱ्या गुलाबी, लाल, पिवळ्या हार्डी जातींचं मूळ शोधत गेलं तर बऱ्याचदा फ्रान्समधल्या लातूर-मार्लियाक यांच्या रोपवाटिकेपर्यंत पोचतं. १८८९ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांनी या रंगीत लिली मांडल्या आणि चित्रकार क्लोद मोने यांनी आपल्या तळ्यासाठी त्यांच्याचकडून रोपं नेली.

ट्रॉपिकल जातींचा कंद गाठीसारखा उभा असतो, पानाची कड दातेरी किंवा लहरी, आणि फूल पाण्याच्या वर वीतभर उंच येतं. वास यांनाच जास्त. निळा आणि जांभळा रंग हवा असेल तर ट्रॉपिकलच घ्यावी लागते.

ट्रॉपिकलमध्ये आणखी दोन तऱ्हा आहेत, दिवसा फुलणारी आणि रात्री फुलणारी. माझ्या मते निवड रंगावरून करूच नये, तुम्ही घरी कधी असता त्यावरून करावी. दिवसाची लिली सकाळी आठ-नऊला उघडते आणि दुपारी तीन-चारला मिटते. सकाळी कामावर जाऊन संध्याकाळी परतणाऱ्याला वर्षभर फक्त मिटलेल्या कळ्याच दिसणार. त्यानं लाल किंवा पांढरी रात्रीची लिली लावावी. ती दिवेलागणीला उघडते आणि दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं तापेपर्यंत उघडी राहते. आपल्याकडच्या जुन्या तळ्यांतली लाल लिली याच तऱ्हेची असते.

पहिल्यांदाच लावत असाल तर ‘डॉबेन’ ही फिकट निळी, छोटी जात बघा. इतरांपेक्षा थोडं कमी ऊन चालतं, टबमध्ये रमते आणि पानावरच पिल्लं देते.

ऊन किती लागतं?

थेट, पाच-सहा तास. याला पर्याय नाही. आंब्याखाली, दोन इमारतींच्या बोळात किंवा उत्तरेच्या बाल्कनीत पानं येतील, फुलं येणार नाहीत.

बागेत खड्डा खणून तळं करायचं आहे. सिमेंटचं करावं की कागद घालून?

कागद घालून. आपल्या भागात शेततळ्याचा जाड प्लास्टिकचा कागद सहज मिळतो. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे द्राक्ष-डाळिंबवाल्यांनी शेततळ्यांना तोच घातलेला असतो. ५०० मायक्रॉनचा घ्या. शेततळ्याचं काम करणाऱ्याकडे उरलेला तुकडाही पुष्कळदा मिळतो, आणि घरच्या तळ्याला तेवढा पुरतो.

मापाचा हिशोब साधा आहे. लांबीत खोलीची दुप्पट मिळवा, वर दोन फूट कडेला दाबायला. रुंदीचंही तसंच. म्हणजे आठ फूट लांब, पाच फूट रुंद, दोन फूट खोल तळ्याला चौदा बाय अकरा फुटांचा कागद लागेल. दोन फुटांपेक्षा खोल जायची गरज नाही. एका कडेला नऊ इंचांवर पायरी ठेवा, लहान जातींच्या कुंड्या तिथे बसतात.

खणून झाल्यावर तळाशी हात फिरवून खडे, मुळ्या, काचा वेचा. आधी दोन इंच वाळू, त्यावर जुनी बारदानं किंवा चवाळी, मग कागद. मुरमाड जमीन असेल तर बारदानाचे दोन थर घाला, मुरमाचं एक टोक कागद फाडायला पुरतं. आणि पाणी सोडायच्या आधी गवंड्याची लेव्हलची नळी घेऊन चारी कडा तपासा. डोळ्याला सपाट दिसणाऱ्या अंगणात दोन-तीन इंचांचा उतार सहज निघतो, आणि मग तळं एका बाजूनं भरून वाहतं तर दुसऱ्या बाजूला काळा कागद उघडा पडतो. ते नंतर दुरुस्त करणं फार जिकिरीचं.

सिमेंटचा हौद आधीच बांधलेला आहे. त्याचं काय?

जुना असेल तर उत्तमच. नव्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि पाणी इतकं अल्कधर्मी होतं की मासे मरतात, लिली खंगते. हौद काठोकाठ भरून आठवडाभर ठेवा, रिकामा करून आतून ब्रशनं घासा, पुन्हा भरा. असं तीन-चार वेळा करा. हौदात केळीचे खुंट टाकून ठेवायची पद्धतही आहे. ते केलंत तरी धुणं चुकवू नका आणि कुजलेले खुंट नंतर काढून टाका.

वाड्यातली जुनी दगडी डोण सापडली तर सोडू नका. दगड उन्हात प्लास्टिकइतका लवकर तापत नाही, आणि लहान लिली त्यात शोभतेही.

गच्चीवर टबमध्ये जमेल का?

जमेल, पण आधी वजनाचा विचार करा. तीन फूट व्यासाचा, दीड फूट खोल टब भरला की त्यात सुमारे ३०० लिटर, म्हणजे ३०० किलो पाणी असतं. माती आणि कुंडी वेगळी. चार फूट व्यासाला हाच आकडा ५०० किलोच्या वर जातो. टब कॉलमच्या जवळ किंवा तुळईवर ठेवा, स्लॅबच्या मधोमध नको. जुन्या घराची गच्ची असेल तर इंजिनिअरला दाखवूनच काय ते ठरवा.

अर्धा कापलेला निळा ड्रम स्वस्तात पडतो. तो पूर्वी कशाचा होता हे मात्र विचारून घ्या. औषध फवारणीचा किंवा केमिकलचा ड्रम कितीही धुतला तरी वापरू नये.

माती कोणती?

जड, चिकट, बुळबुळीत. नर्सरीत मिळणारं पॉटिंग मिक्स, कोकोपीट, पालापाचोळ्याचं खत हे सगळं इथे निरुपयोगी. ते तरंगतं आणि पाणी चहासारखं करून ठेवतं.

कृष्णाकाठचा पोयटा मिळाला तर दुसरं काही बघू नका. नुसती काळी माती असेल तर तीत चौथा हिस्सा लाल माती किंवा वाळू मिसळा. मूठभर माती ओली करून वळा. लाडू झाला आणि बोटानं दाबल्यावर भेगाळला नाही तर ती चालते.

माती कुठून आणता यावर बरंच अवलंबून आहे. मिरज, वाळवा, पलूस भागात पाणी जास्त होऊन क्षारपड झालेली रानं आहेत. वर पांढरा फेस फुटलेली माती घ्यायची नाही. उसाच्या रानातली घेत असाल तर तिथे तणनाशक कधी मारलं ते मालकाला विचारा. रुंद पानांचं तण मारणारं औषध लिलीलाही तण समजूनच मारतं. बांधाकडेची, फवारा न पोचलेली माती घ्या, धसकटं आणि मुळ्या वेचा, उन्हात वाळवा, ढेकळं फोडा.

ताजं शेण अजिबात नको. पाण्याखाली ते कुजतं, वायू सुटतो, कंदाला सड लागते आणि वर पाणी हिरवं होतं. पुरतं कुजलेलं, वास न येणारं खत कुंडीच्या तळाशी दोन बोटं घातलं तर चालेल, त्यावर माती भरपूर हवी.

लावायची कशी? एकेक पायरी सांगा.

बांधकामावरचं प्लास्टिकचं घमेलं ही सगळ्यात चांगली कुंडी. रुंद, उथळ, भोक नसलेली, आणि कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी. एक लिली, एक घमेलं. दोन जाती एकत्र लावल्या तर जोरकस असते ती दुसरीला खाऊन टाकते. माती सरळ तळ्याच्या तळाशी पसरून लावू नका. पुढे रोप बाहेर काढायचं झालं की सगळं तळं ढवळून निघतं.

घमेलं पाऊण भरा, माती भिजवा, हातानं चांगली दाबा. हार्डीचा आडवा कंद असेल तर तो कडेला टेकवून, कोंब मधल्या बाजूला वळलेला, थोडा तिरका ठेवा. तो एका दिशेनं सरकत जातो, म्हणून समोर जागा मोकळी हवी. ट्रॉपिकलचा कंद बरोबर मधोमध. दोन्हींत कोंबाचं तोंड मातीच्या वर राहिलं पाहिजे, मुळं मातीत. कोंब गाडला गेला तर तो कुजतो. लावल्यानंतर आठवड्यात मेलेलं रोप उपटून बघितलं तर फार वेळा हेच कारण निघतं.

वर बारीक खडीचा किंवा जाड वाळूचा इंचभर थर, कोंब उघडा ठेवून. त्यानं माती बसून राहते आणि मासे ती उकरत नाहीत. मग घमेलं बादलीतल्या पाण्यानं पुरतं भिजवा, मातीतले बुडबुडे यायचे थांबले की दोघांनी धरून तळ्यात सावकाश उतरवा. ओल्या मातीचं घमेलं एकट्यानं उचलू नका, कंबर धरते.

पाणी कोंबाच्या वर किती असावं?

सुरुवातीला वीतभर. घमेल्याखाली विटा रचा आणि पानं वाढतील तसतशी एकेक वीट काढा. लहान जातींना शेवटीही सात-आठ इंच पुरतात, मध्यम-मोठ्यांना दीड ते दोन फूट चालतं. पहिल्याच दिवशी दोन फूट खोल सोडलेल्या छोट्या रोपाची सगळी शक्ती वर यायलाच खर्च होते.

रोप कुरिअरनं मागवलं, पानं पिवळी पडून आलीत.

पडणारच. पिवळी पानं कापा, कंद दाबून बघा. टणक असेल तर रोप जिवंत आहे. मऊ आणि वास येणारा असेल तर विकणाऱ्याला फोटो पाठवा. एक दिवस सावलीत पाण्याच्या बादलीत ठेवून मग लावा.

बियांच्या भानगडीत पडू नका. ‘निळ्या कमळाचं बी’ म्हणून येतं ते असतं काही भलतंच, आणि संकरित लिलीच्या बियांतून तीच जात उगवत नाही.

लावायला चांगला महिना कोणता?

फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनपर्यंत. उन्हाळ्यात पाणी कोमट असतं, रोप झपाट्यानं धरतं आणि गौरी-गणपतीपर्यंत फुलांवर येतं. ट्रॉपिकल डिसेंबर-जानेवारीत लावू नका. जावळी, महाबळेश्वरच्या बाजूला पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ऊन पडत नाही, तिथे जून-जुलैची लागवडही टाळा. माण, खटाव, जतला तो प्रश्नच नाही.

बोअरचं पाणी चालेल का? आमचं पाणी खारट आहे.

जड पाणी लिली बऱ्यापैकी सोसते. अडचण वेगळीच होते. एप्रिल-मेमध्ये इकडे रोज साधारण सेंटिमीटरभर पाणी उडतं, क्षार मात्र तळ्यातच राहतात. पुन्हा बोअरचं पाणी घातलं की ते वाढतच जातात. कुंडीच्या कडांवर पांढरी रेघ दिसते ती याचीच. पावसाळ्यात पत्र्याचं पागोळीचं पाणी तळ्यात सोडा आणि तळं भरून वाहू द्या, वर्षाचा साठा धुऊन निघतो. नळाचं पाणी घालायचं तर पिंपात एक दिवस उघडं ठेवून घाला. थोडंच घालायचं असेल तर सरळ घातलं तरी बिघडत नाही.

पाणी हिरवंगार झालंय. बदलू का?

नका बदलू. हे पहिल्या महिन्यात जवळपास प्रत्येक तळ्यात होतं. ऊन आहे, पाण्यात अन्न आहे, आणि ते खायला मोठी झाडं अजून वाढलेली नाहीत, म्हणून सूक्ष्म शेवाळ माजतं. पाणी बदललं की नव्या पाण्याबरोबर नवं अन्न येतं आणि सगळं पहिल्यापासून सुरू. लिलीची पानं निम्म्याहून जास्त पृष्ठभाग झाकू लागली की शेवाळाला ऊन मिळत नाही आणि पाणी आपोआप निवळतं. तोवर थोडी हायड्रिला (पाण्याखाली वाढणारी वनस्पती) सोडा, माशांना खाणं कमी करा. दोरीसारखं लांब शेवाळ असेल तर काठीला गुंडाळून काढा.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगतो. द्राक्षबागेमुळे घरात मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) असतो आणि कोणीतरी सांगतं, चिमूटभर टाक, शेवाळ जाईल. जाईलही. सोबत मासे जातील, गोगलगायी जातील, आणि तांबं तळाच्या मातीत साठून लिलीची मुळं मार खातील. ब्लीचिंग पावडरचंही तेच. तळ्यात औषध नको.

डासांचं काय? शेजारी तक्रार करतात.

तक्रार रास्त आहे. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि गरम दिवसांत आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. ग्रामपंचायत आणि नगरपालिका आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायला सांगतात तो याचसाठी. लिलीचं तळं कोरडं करता येत नाही, म्हणून तिथे मासे हवेत.

गप्पी मासे सगळ्यात सोपे. आरोग्य विभागच ते डासांसाठी वापरतो, जवळच्या आरोग्य केंद्रात विचारून बघा. टबला आठ-दहा पुरतात, वाढवायचं काम ते स्वतः करतात. सुरुवातीला खाणं बेतानं द्या. पोट भरलेला गप्पी अळ्यांमागे धावत नाही. मोठे कोई किंवा गोल्डफिश लहान तळ्यात नकोत, ते कुंडीतली माती उकरतात आणि कोवळी पानं कुरतडतात. वाढलेले गप्पी ओढ्या-नदीत सोडायचे नाहीत, ते आपल्याकडचे मासे नव्हेत.

मासे सोडल्यावरही आठवड्यातून एकदा बॅटरी मारून कडेचं पाणी बघा. पानांची दाटी इतकी झाली असेल की माशाला तिथे शिरता येत नाही, तर त्याच कोपऱ्यात अळ्या वळवळताना दिसतील. चार पानं कापा. आणि टबाच्या खालची बशी, शेजारची रिकामी कुंडी हेही बघा. पुष्कळदा डास तिथले असतात, नाव मात्र तळ्याचं होतं.

खत कोणतं आणि किती?

लिली खादाड आहे. फेब्रुवारी ते ऑक्टोबर महिन्यातून एकदा द्यावं. शेतीच्या दुकानातलं १०:२६:२६ दाणेदार खत चालतं. वर्तमानपत्राच्या तुकड्यात चहाचे दोन चमचे बांधून घट्ट पुडी करा, हात कोपरापर्यंत पाण्यात घालून पुडी मातीत खोल, कंदापासून चार बोटं लांब खुपसा आणि वरचं भोक चिखलानं बुजवा. कागद मातीतच विरघळतो. पुडी वर राहिली तर खत पाण्यात उतरतं, पाणी हिरवं होतं आणि माशांच्या जिवावर बेतू शकतं. लहान कुंडीला निम्मंच द्या. १९:१९:१९ सारखं विरघळणारं खत पाण्यात ओतायचं नाही, ते ठिबकसाठी आहे.

पानं भरपूर आहेत, फूल नाही.

आधी ऊन मोजा. सकाळी नऊला, बाराला, तीनला तळ्यावर सावली आहे का ते बघा. ऊन पुरेसं असेल आणि पानं लहान, फिकट येत असतील तर झाड उपाशी आहे. पानं एकमेकांना रेटून पाण्याच्या वर उठू लागली असतील तर कुंडी भरून गेली आहे, कंद विभागायची वेळ झाली. आणि कारंजं असेल तर बंद करा. पानांवर सतत शिंतोडे पडणं लिलीला सोसत नाही. ती शांत पाण्यातली आहे, वाहत्या पाण्यातली नव्हे. माशांसाठी हवेचा पंप लागत असेल तर तो लांबच्या कोपऱ्यात.

पानातून अंडाकृती तुकडे कापल्यासारखे गायब होतात. कोण करतं?

एका छोट्या पतंगाची अळी. ती पानाचा नखाएवढा तुकडा कापते, दुसऱ्या तुकड्याला किंवा पानाच्याच खालच्या बाजूला रेशमानं चिकटवते आणि त्या पाकिटात बसून तरंगत फिरते. पाण्यावर हिरवे-तपकिरी चपटे तुकडे दिसले तर एक उचलून हळूच उकला. आत पांढुरकी अळी असते. अशी पाकिटं वेचून टाकणं हाच इलाज. सकाळची दहा मिनिटं पुरतात.

काळे बारीक ठिपके दाटीनं दिसले तर तो मावा. पाइपच्या धारेनं पाण्यात पाडा, मासे खातात. कीटकनाशक फवारू नका, कडुनिंबाचं तेलसुद्धा मासे असलेल्या तळ्यात नको.

बाहेरची पानं पिवळी पडणं हा रोग नव्हे. एक पान साधारण तीन-चार आठवडे जगतं. देठ बुडापर्यंत हातानं शोधून तिथून खुडा. नुसतं पान तोडून देठ कुजत ठेवू नका. पण मधला कोवळा कोंबच पिवळा पडून हाताला अलगद सुटून आला आणि घाण वास आला तर ती कंदाची सड. रोप काढा, कंद टणक भागापर्यंत कापा, नव्या मातीत वेगळ्या टबमध्ये लावून बघा. जुनी माती तळ्याजवळ ठेवू नका.

फुलाच्या मधोमध पाणी साठलेलं असतं आणि त्यात मेलेली माशी दिसते. हा काय प्रकार?

हे बघायला मिळालं तर नशीब समजा. पहिल्या दिवशी उघडलेलं फूल मादी अवस्थेत असतं. मधल्या वाटीत गोडसर द्रव साठतो आणि भोवतीचे पुंकेसर उभे, गुळगुळीत असतात. दुसऱ्या फुलावरून पराग घेऊन आलेली माशी त्यांच्यावरून घसरून वाटीत पडते, अंगावरचा पराग द्रवात धुतला जातो आणि परागण होतं. पुष्कळ माश्या बाहेर निघतात, काही बुडतात. दुसऱ्या दिवशी तेच फूल उघडतं तेव्हा वाटी कोरडी, पुंकेसर आत झुकलेले आणि पराग सुटलेला. आता तिथे माशीला धोका नसतो. तीन-चार दिवसांनी देठ वाकतो आणि फूल कायमचं पाण्याखाली जातं.

पूजेला किंवा फ्लॉवरपॉटला तोडलं तर मिटतं. उघडं कसं ठेवायचं?

पहिल्या दिवशी उमललेलं फूल, लांब देठासकट, पूर्ण उघडल्यावर तोडा. मेणबत्तीचं वितळलेलं मेण पाकळ्यांच्या बुडाशी, आतल्या बाजूनं थेंबथेंब सोडलं तर फूल मिटत नाही. पूजेला नुसतंच चांगलं.

थंडीत काय करायचं?

पाणी २० अंशांच्या खाली गेलं की ट्रॉपिकल जाती ढिल्या पडतात, पानं लहान होतात, फुलं थांबतात. सांगली-मिरजेत हे दोन महिन्यांत मिटतं. वाई, महाबळेश्वरकडे रोप पार दिसेनासंही होतं. खत बंद करा, कुंडी उन्हाच्या जागी उथळ पाण्यात सरकवा, आणि मेलं म्हणून फेकू नका. शिमग्याच्या सुमाराला कंदातून नवी पानं फुटतात.

शेततळ्यातच लावली तर?

नको. शेततळं खोल असतं, पाणी उपसलं की पातळी फुटाफुटानं खाली जाते आणि लिली एकतर बुडते नाहीतर उघडी पडते. पानांचा कुजका चोथा ठिबकच्या फिल्टरमध्ये अडकतो. आणि त्या निसरड्या कागदावरून फुलं काढायला कोणी उतरलं तर वर येणं अवघड. बाजूला वेगळं कुंड करा.

आमचं घर पूररेषेजवळ आहे. तळं पुरात गेलं तर?

२००५, २०१९, २०२१ बघितलेल्या सांगलीकराला हा प्रश्न पडणारच. लिली पाण्याखाली चार-सहा दिवस काढू शकते. तिला मारतो तो वर बसणारा गाळ. पाणी ओसरल्यावर सगळ्यात आधी कोंबावरचा चिखल हातानं बाजूला करा, मग तळ्याचं बाकीचं बघा. शहरातल्या पुरात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं, म्हणून हातमोजे घाला आणि पाणी बदलायचंच झालं तर ते या एका वेळी बदला. पावसाळ्याआधी घमेल्याला दोरी बांधून ती खुंटीला अडकवली तर निदान कुंडी शेजारच्या गल्लीत शोधावी लागत नाही.

साप येतात का? आणि लहान मुलं?

बेडूक आले की कधीतरी पाणदिवड येते. ती बिनविषारी आहे, डिवचलं तर चावते. वाट मोकळी ठेवा, ती निघून जाते. कडेला गवत आणि विटांचे ढीग ठेवू नका, बाकीचे साप तिथे दडतात.

मुलांबाबत मात्र तडजोड नाही. फूटभर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं, आणि पानांनी झाकलेलं तळं त्याला जमिनीसारखं दिसतं. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर पाण्याच्या दोन इंच खाली वेल्डिंगची जाळी बसवा, पानं तिच्यातून वर येतात. नाहीतर दोन-तीन वर्षं थांबा.

एका रोपाची अनेक कशी करायची? आणि जास्त झालेली कुठे टाकायची?

हार्डीचा कंद दोन-तीन वर्षांनी, फेब्रुवारीत काढा. धारदार सुरीनं चार-पाच इंचांचे तुकडे करा, प्रत्येकाला एक तरी जिवंत कोंब हवा. जुना, काळा, पोकळ भाग टाकून द्या. ट्रॉपिकलच्या गाठीभोवती अक्रोडाएवढे छोटे कंद येतात, ते वेगळे करून उथळ पाण्यात फुटवून घ्या. डॉबेनसारख्या जातीत पान देठाला जिथे जुळतं तिथेच छोटं रोप फुटतं. ते पान देठासकट कापा, वाडग्यात मातीवर पालथं न घालता उताणं ठेवा, वर खडा ठेवा आणि दोन बोटं पाणी. पंधरा-वीस दिवसांत मुळं धरतात.

वाटून उरलेली रोपं ओढ्यात, नदीत किंवा गावतळ्यात सोडू नका. कृष्णा-पंचगंगेत जलपर्णीनं काय केलं ते समोर आहे. तीही एके काळी शोभेची म्हणूनच आणलेली वनस्पती. लिलीबरोबर आलेली जलपर्णी किंवा डकवीड (बारीक टिकल्यांसारखं तरंगणारं तण) तळ्यात दिसलं तर तेही काढा, आणि सगळं उन्हात कडकडीत वाळवून मगच कंपोस्टच्या खड्ड्यात टाका.